बारा ते दोन

बारामतीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर कोरोनाचा पेशंट सापडला आणि गेटला पत्रे ठोकले गेले. पत्रे निघाले त्याच दिवशी आमच्या ह्यांनी गाडीत बोचकी टाकली. अंथुर्ण्याला वस्तीवर जाऊ, तिथं मोकळी हवा आहे, म्हणाले. मला मोकळी हवा नको होती. मला माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हवा होता, माझं दार लावलं की माझं जग माझ्यापुरतं. अंथुर्ण्याच्या वस्तीवर माझी धाकटी जाऊ राहते आणि तिच्याशी मी सहा वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. हे ह्यांना चांगलं माहीत होतं, पण नवऱ्यांचं विसरणं फार सोयीचं असतं.

वस्तीवर एकच अंगण, समोरासमोर दोन घरं. जुनं पत्र्याचं सासऱ्यांचं, तिथं आमचा मुक्काम. समोर तीसेक पावलांवर दिराचं स्लॅबचं घर. सासऱ्यांना गाव आबा म्हणतं, आम्ही सुना मामा म्हणतो, आणि सासूबाईंना आत्या म्हणायचो. भांडण आत्यांवरूनच झालं होतं. भांडण तरी कुठलं, एक वाक्य होतं ते. आत्या आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या. मी शाळा, घर, मुलांचे क्लास सांभाळून दर रविवारी डबा घेऊन यायची. मऊ भात, भाज्यांचं सूप, कधी शिरा. संध्याकाळच्या एसटीनं परत. आत्या गेल्या आणि दहाव्याला बायका बसलेल्या असताना कुणीतरी म्हणालं, थोरलीनं पण खूप केलं हो. त्यावर धाकटी निवडत असलेल्या तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "व्हय, आक्का यायच्या की. डबा घिऊन. पाव्हण्यावानी."

मी उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. त्या दिवसापासून लग्नकार्यात समोर आलो तरी ती एका खांबाआड आणि मी दुसऱ्या. माझी बाजू मी हजार वेळा मनात मांडली आहे. नोकरी सोडून बसायचं होतं का मी? तिच्यासारखं शेतावर घर असतं तर मीही केलं असतं. सगळं बरोबर होतं, पण कुणी ऐकायला नव्हतं, आणि स्वतःलाच किती वेळा सांगणार माणूस.

आम्ही वस्तीवर येऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर दिराच्या पिकअपवरचा हमाल पॉझिटिव्ह निघाला. दीर पुण्याच्या मार्केटला ढोबळी मिरची घेऊन जायचा. त्याला इंदापूरला एका वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिच्या दाराला कागद चिकटवला, चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. पोरगी आधीच सांगवीला आजोळी गेलेली, म्हणजे त्या घरात ती एकटी. आमचे हे रोज सकाळी दूध आणि भाजी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवायचे, ते लांब झाले की ती येऊन न्यायची. मी एकदाही ठेवलं नाही. खोटं कशाला सांगू, मनात कुठेतरी बरंही वाटलं होतं. बघ आता एकटीनं कसं असतं ते.

माझे स्वतःचे हाल काही कमी नव्हते. शाळा मोबाईलवर सुरू झाल्या होत्या आणि मी सातवीला भूगोल शिकवते. वस्तीवर नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर; घरात फोन नुसता वाजायचा, बोलणं तुटायचं. चौथ्या पायरीवर बसायचं, मोबाईल डाव्या हातात उंच धरायचा आणि वाऱ्याचे प्रकार सांगायचे. समोर चाळीसपैकी नऊ पोरं, त्यातल्या तिघांची फक्त कपाळं. एकाच्या घरी रोज कुकरची शिट्टी. मुख्याध्यापकांचा फोन कधीही, माहिती भरा, आत्ताच्या आत्ता. त्यात चूल-गॅस, धुणं, ह्यांचा तासातासाला चहा. घरात बसा, सुरक्षित राहा, असं सगळे सांगायचे. घरात बसायला कधी मिळेल याचीच मी वाट बघत होते.

अशात श्रावण लागला आणि मामांचं सप्त्याचं सुरू झालं.

आमच्या गावात दर श्रावणात मारुतीच्या देवळात अखंड हरिनामाचा सप्ता बसतो. सात दिवस, रात्रंदिवस, देवापुढे कुणीतरी वीणा घेऊन उभं. दोन दोन तासांचा पहारा. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वीणा जाते, मध्ये ती खाली टेकत नाही की नाव थांबत नाही. बेचाळीस वर्षं हे मामांच्या देखरेखीखाली चाललेलं. दुष्काळात चाललं, आत्या आजारी असताना चाललं. त्या वर्षी देवळाला कुलूप. पोलीस पाटील घरी येऊन सांगून गेले, आबा, पाच माणसंसुद्धा जमवू नका. मामा हो म्हणाले. तो दिवस ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि ह्यांना म्हणाले, फोन लाव एकेकाला.

त्यांनी काढलेली युक्ती अशी. बारा घरं निवडायची, प्रत्येकाला दिवसातले ठरलेले दोन तास. ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या देवापुढे टाळ धरून उभं राहायचं. टाळ वाजवायचा नाही, गावात माणसं आजारी आहेत, नुसता धरायचा आणि तोंडानं नाव घ्यायचं. वेळ संपली की पुढच्या घराला मिस्कॉल द्यायचा, म्हणजे मी सोडतोय. त्यानं उलट मिस्कॉल दिला की घेतला. उलट मिस्कॉल आल्याशिवाय हातातलं खाली ठेवायचं नाही. देवळातली वीणा तारा बदलायला म्हणून आधीच मामांकडे आली होती, म्हणून आमच्या घरात टाळाऐवजी वीणा.

बारा घरं पुरी भरेनात. कुणाकडे आजारी, कुणी पुण्यात अडकलेलं. मग मामांनी आमच्याच वस्तीची दोन घरं धरली आणि सुनांना पहारा दिला. देवळात आम्हा बायकांचा पहारा म्हणजे चपात्या लाटण्याचा. माणसं कमी पडली तेव्हा समानता आली, असं मी ह्यांना म्हटलंही. मामांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कॅलेंडरवर मी बघितलं, बारा ते दोन थोरली सून. त्याच्या खाली, दोन ते चार धाकटी सून.

मी सरळ सांगितलं, मला जमणार नाही, माझी शाळा असते. मामा म्हणाले, शाळा तीनला असते, मला ठाऊक आहे. मग मी ह्यांना बाजूला घेतलं. तेव्हा ह्यांनी खरं काय ते सांगितलं. सप्ताभर मामा एक वेळ भगर आणि दूध एवढ्यावर राहतात. वय एकोणऐंशी, रक्तदाबाच्या दोन गोळ्या. डॉक्टरांनी फोनवरच खडसावलं होतं, उपास अजिबात नाही. आणि मामांनी मुलाला सांगून ठेवलं होतं, "मदी खंड पडला तर मी पुन्ना पयल्यापासनं बसणार. सात दिस उपासासकट." म्हणजे एखाद्यानं डुलकी घेतली की हा म्हातारा आणखी सात दिवस पोटाला मारणार. त्या दिवसांत दवाखान्यात खाट मिळत नव्हती. मला देवाचं काही पडलेलं नव्हतं. पण मामांनी मला लग्नानंतर बी.एड.ला पाठवलं होतं, घरातल्या सगळ्यांच्या विरोधात. त्यांना काही होऊ द्यायचं नव्हतं मला.

पहिल्या दिवशी बाराला मी वीणा गळ्यात घेतली. देवळात बघताना ती हलकी वाटते. अर्ध्या तासात खांदा ओरडायला लागतो आणि तार छेडणारं बोट सोलपटतं. रामकृष्णहरी म्हणत होते आणि मनात चाललं होतं, कणीक मळायची राहिली, पुण्यात अडकलेल्या मुलांना मेसचा डबा मिळाला की नाही, सातवीच्या स्वाध्यायाचे फोटो कोण तपासणार. साडेबाराला मोबाईल वाजला, मुख्याध्यापक. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा वाजला. मी वीणा पाटावर ठेवली, टाकीच्या जिन्यावर पळाले, माहिती सांगितली आणि पाच मिनिटांत परत आले. पाच मिनिटांनी देव काही घरातून उठून जात नाही, असं म्हटलं आणि पुन्हा सुरू केलं. कुणालाही सांगितलं नाही. दोनला ह्यांनी त्यांच्या मोबाईलवरून धाकटीचा नंबर लावून दिला, एक रिंग, कट. तिकडून एक रिंग, कट. सहा वर्षांनी आमच्यात एवढा व्यवहार झाला.

दुसऱ्या दिवशी चिडचिड तेवढीच होती, पण मोबाईल बंद करून ठेवला. तिसऱ्या दिवशी मला एक शोध लागला. ह्या दोन तासांत मला कुणीही चहा मागू शकत नव्हतं. हे दारात आले, माझ्या गळ्यातली वीणा बघितली आणि निमूट स्वतः गॅसकडे वळले. साखरेचा डबा शोधताना भांडी पडल्याचा आवाज आला आणि मी जागची हलले नाही. असं सुख मला लग्नाच्या बावीस वर्षांत मिळालं नव्हतं. माजघरात गारवा असायचा. मामा आत झोपलेले, त्यांचा पहारा पहाटेचा. शेंगा भाजल्याचा वास कुठूनतरी यायचा. तार एकसारखी वाजत राहायची आणि तिच्या मागून माझा आवाज. नाव घेता घेता कधीतरी स्वाध्याय विसरले, कणीक विसरली. किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळात बघितलं तर पावणेदोन, आणि चक्क वाईट वाटलं. स्वतःचाच राग आला. भूगोलाची बाई, आणि पंधरा मिनिटं राहिली म्हणून हळहळते.

चौथ्या दिवशी मी बाराला पाच कमी असतानाच हातपाय धुऊन उभी होते. ह्यांनी टोमणा मारला, मी लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी हे सकाळीच इंदापूरला गेले. मामांच्या गोळ्या संपल्या होत्या आणि दिराला कपडे पोचवायचे होते. निघताना मोटरसायकलला किक मारत म्हणाले, तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे? मी म्हटलं, आहे की. होताच माझ्या मोबाईलमध्ये, धाकटी म्हणून सेव्ह केलेला. आणि नसता तरी मी मागितला नसता. सख्ख्या जावेचा नंबर नवऱ्याकडे मागायचा म्हणजे काय.

दोन वाजले. एका हातानं वीणा सांभाळत मी मिस्कॉल दिला. मिनिटभरानं उलट मिस्कॉल आला. घेतला. मी वीणा देवापुढच्या पाटावर ठेवली, नमस्कार केला, चहा टाकला. मनात आलं, वेळेची पक्की आहे हो. सहा वर्षांत तिच्याबद्दल मनात आलेला पहिला बरा शब्द. त्याच बऱ्या मनानं चहाबरोबर शेंगदाण्याचे दोन लाडू खाल्ले. मग तीनला वर्ग, आज बारा पोरं आली.

साडेपाचला त्याच नंबरवरून फोन आला. मी फोन घेऊन टाकीच्या जिन्यावर पळाले. बोलणार की काय ही? तर तिकडून खर्जातला पुरुषी आवाज.

"दुपारी मिस्कॉल हुता तुमचा. मी बी दिला. कोन पाव्हणं?"

मी विचारलं, तुम्ही कोण. तो भिगवणचा. मासळीचं दुकान. हा नंबर त्याच्याकडे चार वर्षं झाली आहे म्हणाला. आमच्या भागात कुणी मिस्कॉलला फोन करून पैसे घालवत नाही, मिस्कॉलला मिस्कॉलच देतात, त्यानंही तेच केलं होतं. वर आणि म्हणाला, श्रावण सुटला की या, मरळ ताजा असतो. भर श्रावणात माझा पहारा मासळीवाल्यानं घेतला होता.

मी जिन्यावरच बसून राहिले. धाकटीनं नंबर बदलला होता. घरातल्या सगळ्यांना माहीत असणार. मला कोण सांगणार आणि मी कुणाला विचारणार. आधी तिचाच राग आला, बदलला तर बदलला, सांगता येत नाही? मग ह्यांचा राग आला, मोबाईल घेऊन कशाला गेले. मग मिस्कॉलची युक्ती काढणाऱ्या मामांचा. सगळ्यांचा राग करून झाला आणि उरले मी एकटीच. मिस्कॉल नाही, म्हणजे तिनं घेतलाच नसणार. दोन ते चार, पहारा रिकामा. आणि आता पहिल्या दिवसाची ती पाच मिनिटंसुद्धा आठवली, जी मी खिजगणतीतही धरली नव्हती.

घरात आले तर मामा कॉटवर बसून कॅलेंडरवर खुणा करत होते. चेहरा उतरलेला, गालफडं बसलेली, पण डोळे हसरे. मला म्हणाले, "दुपारचं नीट झालं न्हवं, पोरी? पाचवा दिस सरला बघ."

मी हो म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. तसंच माजघरात जाऊन देवापुढे उभी राहिले. लहानपणापासून हजार वेळा हात जोडले असतील, सवयीनं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी खरंच कुणाशीतरी बोलले, आणि तेही भांडल्यासारखं. म्हटलं, खरं सांगितलं तर हा माणूस आणखी सात दिवस उपाशी मरतो, नाही सांगितलं तर मी बेचाळीस वर्षांच्या शब्दावर बोळा फिरवते, आता काय करू ते तूच सांग. देव काही बोलला नाही. पण एक गोष्ट मला कळत होती. दोन ते चारमध्ये काय झालं हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस तीस पावलांवर होतं.

तीस पावलं मी कशी चालले ते मलाच माहीत. धुण्याच्या दगडापाशी थांबले, पुढे जायला बंदी होती. काय म्हणून हाक मारायची तेही सुचेना, म्हणून नुसतीच खाकरले. दोनदा. दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, तोंडाला ओढणी बांधलेली. जवळून बघितलं तर वाळली होती चांगलीच. मी काही जुळवून आणलं होतं ते सगळं विसरले आणि थेट विचारलं, "दोन वाजता पहारा घेतलास का?"

"न्हाय," ती म्हणाली.

ती पुढे शांतपणे म्हणाली, "दोनला कशाला घिऊ? बारालाच घेतलाय की."

"बारा ते दोन माझा असतो."

"ठावं हाय. पयल्या दिसापासनं मी बारालाच धरती. चारला डेअरीच्या तात्यांना देती."

"अगं पण का?"

ती म्हणाली, "तुमच्यावर भरवसा न्हवता, आक्का."

ती सांगत गेली, आवाज न चढवता, जसं दुधाचा हिशेब सांगावा तसं. शाळेचा फोन आला की तुम्ही पळणार हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी खिडकीतून दिसलात, साडेबाराला जिन्यावर, फोन कानाला. मी आपली टाळ धरून उभीच होते. मामांचा उपास वाढायला नको म्हणून. आज दोनला मिस्कॉल आला नाही, वाटलं विसरल्या, मी तशीच चारपर्यंत उभी राहिले.

म्हणजे खंड पडलाच नव्हता. एका सेकंदाचाही नाही. पहिल्या दिवशीची पाच मिनिटं आणि आजचे दोन तास, सगळे भरलेले होते. मला आनंदानं रडू यायला हवं होतं, आणि मला आला संताप. पाच दिवस माझं बोट सोललं, खांदा गेला, तिसऱ्या दिवशी तर मी माझं नावसुद्धा विसरले होते, आणि ही बाई समोरच्या घरात उभी राहून माझं सगळं फुकट ठरवत होती. रोज चार तास, एकटी, अंगात कणकण आहे की नाही देव जाणे. मी तोंड उघडलं चार शब्द सुनवायला. आणि सुनवता येईना, कारण तिचं खरं होतं. मी पळाले होते. तिचा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणूनच आज मामांचा सप्ता वाचला होता.

तिथंच उभ्या उभ्या मला ते आठ महिने दिसले. रविवारी मी डबा घेऊन यायची तेव्हा आत्यांचं अंथरूण स्वच्छ असायचं, केस विंचरलेले, पाठीला पावडर लावलेली. मी ते तसंच असतं असं धरून चालले होते. उरलेले सहा दिवस कोण करत होतं ते मी कधी विचारलं नाही. दोन सुना होतो, एकीनं दोघींचं केलं. आणि तिनं ते एकदाच, एका वाक्यात बोलून दाखवलं, तर मी सहा वर्षं खांबाआड उभी राहिले.

मी म्हटलं, "आत्यांच्या वेळीपण माझा पहारा तूच केलास."

तिनं ओढणी जरा वर सरकवली. मग म्हणाली, "तुमच्या सूपाची वाट बघायच्या त्या. शनवारपासनं."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी धुण्याच्या दगडावर बसले आणि रडले. ती जवळ येऊ शकत नव्हती, मी जाऊ शकत नव्हते. ती उंबऱ्यात खाली बसली. शेवटी मी डोळे पुसून तिचा नवा नंबर विचारला, पेन नव्हतं, तिनं दोनदा सांगितला आणि मी पाठ केला. मग म्हटलं, "उद्या बाराला धरू नकोस. जेवून घे. मी सोडणार नाही."

"बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या 'बघू'नं माझा जीव खाल्ला. ह्यांना काही सांगितलं नाही, मामांना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांना कळवून टाकलं, बारा ते दोन मी नाही, कुणीही मेलं तरी नाही. शब्द जरा जास्त झाला, त्या दिवसांत तसं बोलू नये, पण तोंडातून गेला. धुण्याच्या दगडावर दूध मीच ठेवलं, आणि दुधाशेजारी झाकण लावून वाटीभर भाज्यांचं सूप.

बाराला वीणा घेतली आणि खिडकीला सामोरी उभी राहिले. आजवर ती मागे उभी आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. आज ती खरंच नसेल तर जे काही आहे ते माझ्या ह्या सोललेल्या बोटावर. नाव घ्यायला सुरुवात केली. विश्वास का काय म्हणतात तो असाच असेल तर फार अवघड प्रकार आहे, असं वाटलं. ती नेहमीसारखी आत टाळ धरून उभी असेल, असाही विचार आला. तसं असतं तर मला काही बोलायला तोंड नव्हतं.

सव्वाबाराला तिचं दार उघडलं. ती ओट्यावर आली, माझ्या खिडकीसमोर मला सगळी दिसेल अशी बसली. टाळाची जोडी तिनं आपल्यापासून हातभर लांब ओट्याच्या कडेला ठेवली. मांडीवर ताट घेतलं, भाकरी मोडली, सूपाच्या वाटीत बुडवली आणि सावकाश जेवायला लागली, दोन्ही हात कामात.